भाविकाच्या नावाचे पैसे

वडखळ नाक्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत जी पोरं उभी असतात, त्यांतला सगळ्यात गप्प पोरगा म्हणजे निकेश. बाकीचे चहा पितात, मोबाइलवर क्रिकेटची टीम लावतात, कुणाच्या हळदीला कुठला डीजे येणार यावर तावातावाने भांडतात. निकेश डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसतो आणि नागोठणं येईपर्यंत डोळे मिटून घेतो. रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर आहे. वय सत्तावीस, नोकरीला सात वर्षं झाली. पगार हातात येतो साडेएकोणीस हजार, आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, केली तर तिचे वेगळे.

पगार आईच्या हातात द्यायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावात कमावतं पोरगं लग्न होईपर्यंत पगार आईला देतं आणि लग्नानंतर दोन्हीकडून बोलणी खातं. निकेशची आई, इंदुबाई, पासबुक तांदळाच्या डब्यात ठेवायची. महिन्यातून एकदा पेणच्या बाजाराला गेली की बँकेत जाऊन त्यावर छापून आणायची. तिला वाचता येत नव्हतं. पण धाकटी भाविका वाचून दाखवायची, आणि एकदा ऐकलेला आकडा इंदुबाई जन्मात विसरायची नाही.

बाप कान्हू मिठागरातला माणूस. तीस वर्षं त्याने उन्हात मीठ ओढलं. तळपाय फाटले, पांढऱ्या ढिगांकडे बघून बघून डोळे अधू झाले. मग एका वर्षी मालकाने मिठागर बंद केलं आणि कान्हू एक्कावन्नाव्या वर्षी घरी येऊन बसला. हातात काही नाही, कुणी काही देणारं नाही. निकेश तेव्हा नुकताच कामाला लागला होता. शिफ्ट करून यायचा तेव्हा बाप ओटीवर रिकाम्या हातांनी बसलेला दिसायचा, कुणी आलं की उगाच उठून काहीतरी शोधल्यासारखं करायचा. ते निकेशला बघवायचं नाही. पन्नाशीला आपणही घरी बसायचं, पण आपल्या मर्जीने, एवढं एकच त्याने मनाशी ठरवलं होतं. कसं ते माहीत नव्हतं.

ते सांगितलं मुरादचाचाने, पाच वर्षांपूर्वी. मुराद रोह्याजवळच्या अष्टमी गावातला, कंपनीत बॉयलरवर. पन्नाशीचा, हिशोबाला पक्का, आणि दुसऱ्याच्या पैशाची स्वतःच्यापेक्षा जास्त काळजी करणारा. कँटीनमध्ये निकेशला समोर बसवून त्याने विचारलं, "वय काय तुझं?"

"बावीस."

"मी चालू केलं तेव्हा त्रेचाळीसचा होतो. आता कितीबी टाकलं तरी ती वीस वर्षं मला कोण आणून देणार? माझा भाऊ कुवेतला राबला, सगळं बंगल्यात घातलं. आता बंगल्यात एकटा बसलाय आणि गोळ्यांना पैसे पोराकडे मागतो. तू महिन्याला दोन हजार टाक. पहिली काही वर्षं पैसे वाढताना दिसत नाय, माणूस कंटाळून मोडून टाकतो. तीच वर्षं मोडायची नाय. घर कोसळलं तरी नाय."

निकेशने त्याच आठवड्यात त्याच्यासमोर बसून मोबाइलवर म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू केली. दर दहा तारखेला दोन हजार कापले जायचे. पगाराला हात लावायचा नाही, जादा ओटी करायची आणि त्यातून हे भागवायचं, असा त्याचा हिशोब. घरचं कमी होणार नव्हतं, म्हणून घरी सांगायची गरज वाटली नाही. पासबुक आईकडे असतं हे त्या गाढवाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात ते उघडं पडलं, आणि तेही नेमकं काका घरी आलेला असताना. काकाला जुना टेम्पो घ्यायचा होता आणि पुतण्याच्या पगारावर त्याचा डोळा होता. भाविकाने वाचलं, "दहा तारखेला दोन हजार कटलेत."

"कसले रे?" इंदुबाई म्हणाली.

काका सरसावून बसला. "बघ, पोराकडं पैसे हायत. मना नाय म्हणतो आणि भलतीकडं घालतो."

निकेशला खोटं बोलायची सवय नव्हती. शेअर बाजार हा शब्द उच्चारला तर आई आजच्या आज ते बंद करायला लावेल हे त्याला दिसत होतं. स्वतःसाठी ठेवतोय म्हणावं, तर काका उद्या गावभर करेल. या घरात कुठल्या पैशाला कुणी हात लावणार नाही, एवढंच तो शोधत होता, आणि समोर पासबुक धरून पंधरा वर्षांची बहीण उभी होती.

"भावीच्या लग्नासाठी टाकतोय," तो म्हणाला.

काका मागे सरकून बसला. बहिणीच्या लग्नाच्या पैशातून टेम्पो मागायची कुणाची छाती होती? इंदुबाई उठली. पासबुक घेऊन आत गेली आणि देवाच्या फळीवर ठेवून आली. तांदळाच्या डब्यात ते पुन्हा कधी गेलं नाही. निकेशचा जीव भांड्यात पडला. मुरादला त्याने दुसऱ्या दिवशी हसत हसत हे सांगितलं, पण मुराद हसला नाही.

"पोरीचं लग्न कधी?"

"अजून शाळेत हाय चाचा. बघू तेव्हा."

त्यानंतर निकेशच्या पैशाला घरात पहारेकरी मिळाला. घराच्या मागच्या खोलीचा स्लॅब गळायला लागला, इंदुबाईने खाली टोप लावले. शेजारच्यांनी नवी मोटरसायकल घेतली तेव्हा आपणही घेऊ असं निकेशच म्हणाला असता तर गोष्ट वेगळी, पण तोही मोडायचं नाव काढत नव्हता आणि आई तर कुणाला काढूच देत नव्हती. दोन वर्षांनी त्याने दोनाचे तीन हजार केले. रविवारीही ओटीला जायला लागला. संध्याकाळी बसमध्ये मोबाइल काढून आकडा बघायचा. वाढायचा, घसरायचा, पुन्हा वाढायचा. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी त्याचं एकट्याचं होतं.

मग कान्हूच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता, पेणच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांचे मिळून साठ हजार सांगितले. बापाला भात आणि भाजी हाताने चाचपून जेवताना बघून निकेशला राहवलं नाही.

"आई, ते पैसे काढू," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

"कुठले? भावीचे?" इंदुबाईने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने देव्हाऱ्यातलं काही मागितलं. "नाय. ते पोरीचं हाय."

"आई, पैसे माझे हायत. मी सांगतोय ना."

"तू टाकतोस, पण हायत तिचे. तुझ्या बापाला तरी विचार."

कान्हू ताटावरून मान वर न करता म्हणाला, "पोरीच्या पैशानं मना नजर नको. सरकारी कॅम्प येतो, तवा बघू."

कॅम्प आठ महिन्यांनी आला. तोवर कान्हू घरातल्या घरात भिंत धरून चालायचा. शेवटी एका डोळ्याचं झालं, दुसरा राहिला तो राहिलाच. त्या आठ महिन्यांत निकेश रोज सकाळी ठरवायचा की आज खरं सांगून टाकू, आणि रोज संध्याकाळी बापाने भिंत सोडून देवाच्या फळीला केलेला नमस्कार बघून गप्प बसायचा. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? की तुम्ही जे आंधळेपण सोसताय ते बहिणीसाठी नाही, माझ्यासाठी सोसताय?

भाविका विसाव्या वर्षी पेणला कपड्यांच्या दुकानात कामाला लागली आणि सहा महिन्यांत तिला स्थळ आलं. मुलगा प्रणित, रोह्याचा, रेल्वेत कायम नोकरी. मुलगा सरळ, घर चांगलं, भाविकालाही आवडला. सोयरे म्हणाले, आम्हाला काही नको, फक्त मुलीच्या अंगावर शोभेल एवढं घाला आणि हळद चार लोकांत दिसेल अशी करा. ज्यांना काही नको असतं त्यांचं किती लागतं, हे मुलीकडचेच जाणोत. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेलं होतं.

इंदुबाईच्या चेहऱ्यावर मात्र चिंतेची रेष नव्हती. भरल्या घरात ती ताठ बसून म्हणाली, "माझ्या पोरानं पाच वरसं बहिणीसाठी बाजूला टाकलेत. बापाच्या डोळ्यालाबी काढू दिले नायत."

सगळ्यांनी निकेशकडे बघितलं. प्रणितच्या वडिलांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली निकेश लहान लहान होत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मुरादला विचारलं, आता काय करू. मुरादने आधी चहा संपवला. मग म्हणाला, "जेव्हा बोललास तेव्हाच ते तुझे राहिले नाय. आता मागशील तर चोर ठरशील. आपल्याच पैशाचा चोर."

तरी त्याने एकदा प्रयत्न केला. भाविकाला दुकानातून आणायला म्हणून मित्राची मोटरसायकल घेऊन पेणला गेला आणि येताना गाडी रस्त्याकडेला थांबवली. सगळे नको, निदान अर्धे मागे ठेवू, तिला समजावून सांगू, ती समजूतदार आहे, असं त्याने ठरवलं होतं.

"भावी, ते पैसे…" त्याने सुरुवात केली.

"दादा, मना तेच बोलायचंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी प्रणितला सांगितलं, मना दादा नाय, दुसरा बाप हाय. त्याची आई म्हणाली, असा भाऊ असलेल्या पोरीला आम्ही कवा दुखवणार नाय. तुझ्यामुळं माझी तिथं किंमत हाय बघ."

निकेशने गाडीला किक मारली. घर येईपर्यंत भाविका मागे बसून काय काय बोलत होती, त्यातलं त्याला काही ऐकू आलं नाही.

कुणी म्हणेल, बोलायचं होतं, एवढं काय घाबरायचं. म्हणणाऱ्याने एकदा त्या घरात जाऊन बघावं. इंदुबाईने गळक्या स्लॅबखाली पाच पावसाळे टोप मांडले, कान्हू एका डोळ्याने जगतोय, आणि पोरगी भावाच्या नावावर सासरी मान मिळवणार आहे. निकेश एक वाक्य खरं बोलला असता तर या तिघांचं सगळं खोटं ठरलं असतं. त्याच्यात ती ताकद नव्हती, आणि नव्हती म्हणून त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीच्या बसमध्येच मोबाइल काढला. दोन लाख अकरा हजार. सगळे काढायचे का, असं मोबाइलने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याने हो म्हटलं. चार दिवसांनी पैसे खात्यात आले, पाचव्या दिवशी पेणच्या सोनाराकडे गेले. तेवढ्याने भागणार नव्हतंच. मांडव, जेवण, डीजे यांसाठी त्याने कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढलं, चार वर्षांचं, महिन्याला सात हजारांचा हप्ता. आईला त्याने एवढंच सांगितलं की थोडे कमी पडत होते, ते मित्राकडून घेतले.

हळदीला सगळा गाव आला. गिरजाबाई धवलारीण लग्नाची गाणी म्हणायला बसली होती, तिने जुन्या गाण्यात निकेशचं नाव घातलं, बहिणीला सोन्याने मढवणारा भाऊ म्हणून. बायकांनी ते उचलून धरलं. इंदुबाईने त्याला हाताला धरून मधोमध आणलं आणि सगळ्यांत आधी त्याला हळद लावली. कान्हू खुर्चीवर बसून आपला एक डोळा पुसत होता. टेम्पोवाला काकासुद्धा जवळ येऊन म्हणाला, "पोरा, जिंकलंस." निकेश हसला. हसायला लागतंच अशा वेळी.

लग्न होऊन महिना गेला. घर मोठं झाल्यासारखं वाटत होतं, बोलणारं माणूस गेलं की वाटतं तसं. पगाराच्या दिवशी निकेशने पैसे आणून आईच्या हातात दिले. ओटीचे यावेळी उरलेच नव्हते, सात हजारांचा हप्ता त्यातूनच गेला होता. इंदुबाईने नोटा मोजल्या. मग त्यातल्या तीन हजारांच्या वेगळ्या काढून त्याच्यापुढे धरल्या.

"हे घे."

"कशाला?"

"तुझ्या नावाचं चालू कर आता. इतकी वरसं सगळं बहिणीसाठी केलंस, स्वतःला काय ठेवलं नायस. मना ते रोज टोचतंय. पोरा, वय जातं. कुणीतरी सांगत होतं, लवकर चालू केलं तर लय होतात."

कान्हू आपल्या जागेवरून म्हणाला, "घे रे. आमच्यासारखं नको व्हायला."

उरलेल्या पैशात महिना निघणार नाही हे निकेशला माहीत होतं, आणि आईलाही माहीत होतं. तरी ती हात पुढे करून उभी होती. त्याने तिचा हात दोन्ही हातांनी मिटवून तिच्याकडेच सारला.

"राहू दे आई. घरात लागतील."

"बघा," इंदुबाई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अजून स्वतःचं बघत नाय हा."

तेव्हा निकेशला रडू फुटलं. इतक्या वर्षांत घरात कुणी त्याला रडताना बघितलं नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तरी खांदे हलताना दिसत होते. इंदुबाई जवळ आली, त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली आणि म्हणाली, "उगी. येईल रे भावी पुढच्या आठवड्यात माहेरपणाला."