समोरचे केस

भावाच्या लग्नाला आठ दिवस राहिले असताना मी केस कापायला गेले. केसांची टोकं फाटली होती, एवढंच कारण. मी यवतमाळला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या दिवशी नेहमीचं पार्लर बंद होतं, म्हणून पलीकडच्या गल्लीत नव्यानं उघडलेल्या पार्लरमध्ये शिरले.

पार्लरवाली माझ्याच वयाची होती. खुर्चीत बसायच्या आधीच मी तिला सांगितलं, "खालून फक्त दोन बोटं कापा. समोरच्या केसांना हात लावू नका. घरी लग्न आहे, ते लांबच हवेत."

"लग्न हाय? मंग तं चांगला कटच पायजे, मॅडम," ती म्हणाली.

मी पुन्हा तेच सांगितलं. ती "हो हो" म्हणाली आणि माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. चष्मा काढून मांडीवर ठेवावा लागला. चष्म्याशिवाय मला आरशात फक्त रंग दिसतात. तिनं केसांवर पाणी मारलं आणि मानेत फोन धरून बहिणीशी बोलायला लागली. बहिणीच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ते नागपूरला करायचं की यवतमाळलाच, यावर दोघींचं बोलणं चाललं होतं. मीही ते ऐकत बसले. मग गालाला कात्रीचा गार स्पर्श झाला आणि मांडीवर केसांची बट पडली. चांगली वीतभर लांब होती.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"लेअर. तुमचा चेहरा गोल हाय, तुमाले मस्त दिसन."

"मी नको म्हटलं होतं. निदान दुसरी बाजू राहू द्या."

"एक साईड तशीच कशी ठेवू, मॅडम? वेडंवाकडं दिसन ना."

तिनं दुसरी बाजूही कापली. त्याआधी उठून जाता आलं असतं. मी उठले नाही.

ते केस मला का हवे होते, ते सांगायला हवं. आमचं घर पुसदच्या पुढे एका बंजारा तांड्यात आहे. आमच्याकडे लग्न झालेल्या बाया कानापुढच्या केसांच्या बारीक वेण्या घालतात आणि त्यांत घुगरी-टोपली गुंफतात. टोपली म्हणजे चांदीची छोटी घुमटी, तिच्याखाली घुगऱ्या लोंबतात. दोन्ही गालांवर ते वजन दिवसभर हलत असतं. आता रोज कोणी घालत नाही. आईनंही बंद केलं, डोकं दुखतं म्हणून. पण माझ्या लग्नात मी हे घालावं असं तिला फार वाटत होतं, आणि मी नाही म्हणाले होते. पुसदच्या कार्यालयात शालू नेसून लग्न केलं. ती तेव्हा काही बोलली नाही. भावाचं ठरलं तेव्हा मात्र तिनं फोनवर विचारलं, "हळदीला तरी घालशील का?" मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं दिसतंय की." मग त्यालाही आठवलं. "याडीला काय सांगणार?" याडी म्हणजे आई. तोही आमच्याच समाजातला, त्यामुळे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मी गावी जाईपर्यंत आईशी साधा फोनच केला, व्हिडिओ कॉल टाळला. समोरचे केस पिना लावून मागे घेतले तरी तासाभरात सुटून गालावर यायचे. ग्रंथालयातल्या दोघीतिघींनी छान दिसतंय म्हणून पार्लरचा पत्ता मागितला. मी दिला.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी तांड्यात पोचले. आईनं फेटिया आणि काचळी, म्हणजे आमचा घागरा आणि चोळी, धुवून, घड्या घालून ठेवली होती. चिंचेनं घासलेली चांदी ताटलीत काढली होती. मला पुढ्यात बसवून तिनं माझ्या डोक्याला बांधलेला स्कार्फ सोडला. बोटांनी कानापुढचे केस ओढून पाहिले, एकदा इकडचे, एकदा तिकडचे.

आम्ही आमच्या गोरबोलीत बोललो, ते इथे मराठीत लिहिते.

"कोणी कापले?"

"पार्लरवालीनं."

"तू सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही."

"तू तिथंच बसली होतीस ना?"

"हो."

तिनं माझे केस सोडले. मग म्हणाली, "घालायचं नव्हतं तर फोनवरच सांगायचं होतं. केस कशाला कापायचे?"

तिला वाटलं, मी मुद्दाम कापले. मी दोन-तीनदा सगळं सांगितलं, पाणी मारल्यापासून ते बहिणीच्या सासूच्या गुडघ्यापर्यंत. सांगताना माझं मलाच ते रचलेलं वाटायला लागलं. तरीही तिनं वेणी घालून पाहिली. चार वळशांनंतर केस संपले, आणि टोपली अडकवली की वेणी सुटून चांदी माझ्या मांडीत पडायची. तीनदा पडली. मग ती उठून पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला गेली.

मी सुई आणि काळा दोरा मागून घेतला. ओढणी डोक्यावर घेऊन कानाच्या जागी खडूनं खुणा केल्या आणि टोपल्या ओढणीलाच आतून शिवायला बसले. अर्धं झालं असेल तेवढ्यात आई आली. उभ्यानंच बघत होती.

"एवढ्या दोऱ्यावर वजन राहील का?" म्हणाली आणि सुई माझ्या हातून घेतली. माझी शिवण उसवून तिनं आधी कापडाचा जोड लावला, मग टोपल्या शिवल्या. त्यात तिचा तास गेला.

हळदीला मी ते सगळं घातलं. चांदी ओढणीला असल्यामुळे मान वळवली की घुगऱ्या जरा उशिरानं वळायच्या. बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. पण तांड्याच्या जुन्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरची एक म्हातारी जवळ आली, ओढणीची कड उचलून आत पाहिलं आणि हसायला लागली. "शहरात जाऊन केसच कापून आली ही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "तिनं नाही कापले. ती नको नको म्हणत होती, पार्लरवालीनं ऐकलंच नाही. फोनवर बोलत होती म्हणे, बहिणीशी. गुडघ्याचं ऑपरेशन होतं कोणाचं तरी."

नंतर दोन दिवस तिनं ही गोष्ट लग्नाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितली. तिच्या सांगण्यात मी खुर्चीतून उठायला बघत होते आणि त्या बाईनं खांदा दाबून मला खाली बसवलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. तिला खरंच पटलं होतं, का लोकांसमोर लेकीची बाजू घ्यायची म्हणून ती बोलत होती, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

परत निघाले त्या सकाळी ती ओढणीवरचे टाके उसवत बसली होती. तिनं चांदी पुसून डब्यात ठेवली, ओढणी माझ्या पिशवीत घातली आणि बस चुकेल म्हणून मला घाई केली.