पूर्णेच्या घळीचा बेत

आज चहा करताना मी पत्ती समजून चमचाभर काळा मसाला उकळत्या पाण्यात टाकला. भपकारा नाकात गेला अन् लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला.

आमचं घर माळकरी. मासळीचं नावसुद्धा निघायचं नाही. म्हणून बायकोचा धाकटा भाऊ भगवान आणि मी गोठ्यात, कडब्याच्या उबट वासात, कुजबुजत बेत आखत होतो. पूर्णा नदीच्या लांबच्या घळीत जायचं, डोहात गळ टाकायचे, तिथंच तीन दगडांवर कालवण शिजवायचं. घरी मात्र सांगितलं होतं, मानवतला बैल बघायला चाललो. काळ्या मसाल्याची पुडी मी आधीच खिशात दडवली होती.

तेवढ्यात बायको दारात. "बैल बघायला जायलात, अन् खिशाला मसाल्याचा वास कसा? रानात रस्सा अन् दारूचा बेत हाय ना?"

दारूचा आळ घ्यावा की माशाचा, मला ठरवता येईना. भगवान लगेच फुटला. "अक्का, दारू न्हाई, मासे! दाजीच म्हणले."

तिनं तो मसाल्याचा वास खोल ओढून घेतला. मला वाटलं, आता ही माझ्या आईला हाक मारणार. त्या श्वासातली भूक आज कळते. तिनं ओसरीकडं वळून पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "गोदाकाठची पोर मी. लग्न झाल्यापासून मासा तोंडाला लागला न्हाई. येताना माझा वाटा आणा. न्हाई आणला, तर दारू पिले म्हणून आत्याबाईला सांगते."