कूलरच्या ताट्या मागणारी डॉक्टरीण

सडक्या वस्तूवर इतका जीव लावणारं दुसरं माणूस साऱ्या नागपुरात दाखवा, मी मिशी काढून देतो. ही माझ्या बायकोची डॉक्टरीण. ज्यांच्या अंगात रोगाशी लढायची ताकद उरली नाही अशा रोग्यांना बुरशी कशी धरते, हे शोधायला ती नव्या डॉक्टर पोरापोरींना शिकवते. शिकवते म्हणजे छळते. एकदा त्यांना घेऊन काटोलच्या बाजारात गेली अन् ढिगातून नेमकी हिरवी लव आलेली संत्री वेचू लागली. व्यापारी म्हणाला, "बाई, चांगला माल सोडून कचरा काहून उचलून राहिल्या?" तर म्हणे, "चांगल्यात माझं काही काम नाही गा." मग प्रत्येकाच्या टेबलावर एक सडकं संत्रं, अन् रोज त्याचं चित्र काढायचं. कोणाकडं गेली की चहाच्या आधी मोरीचा कोपरा हुंगते. पुतणीच्या लग्नात म्हणे नवरदेवामागच्या भिंतीची ओल पाहत उभी राहिली, साऱ्या फोटोंत तिची पाठ आली. हे तिच्या हाताखालची शिकाऊ पोरंच सांगतात, अन् तिच्यासमोर सांगतात.

माझी तिची ओळख मात्र हसण्यासारखी नाही. माझ्या बायकोला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधानं रक्तातल्या चांगल्या पेशीही मारल्या, अन् तशीच तिला दवाखान्याच्या वॉर्डातून घरी आणली, ऐन मे महिन्यात. पत्रा तापलेला, ती तळमळायची. मी माळ्यावरचा कूलर उतरवला, मागच्या सालच्याच वाळ्याच्या ताट्या पाणी मारून त्याच्या बाजूंना बसवल्या अन् तोंड तिच्या खाटेकडं केलं. "आता बरं वाटून राहिलं," ती म्हणाली. काही दिवसांत छातीत बुरशी निघाली. त्यातच गेली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण तीन शिकाऊ पोरं घेऊन दारात. घरात सोयरे बसलेले. तिचं पहिलं वाक्य, "बाबा, कूलरच्या ताट्या फेकल्या तर नाही ना?" माझा साळा तिच्या अंगावर धावला, त्याला धरावं लागलं. मी विचारलं, "म्हणजे मीच मारलं का तिले?" सावनेरची एक शिकाऊ पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "नाही बाबा, तुमचा काही दोष नाही." डॉक्टरीण तिच्यावरच खेकसली, "तपासलं का तू? मग खोटं काहून सांगून राहिली त्याईले?" मला तेव्हा डॉक्टरणीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण ताट्या काढून दिल्या.

दोन महिन्यांनी ती एकटी आली, सतरंजीवर बसली. "ताटीत बुरशी निघाली, बाबा. छातीत होती त्याच जातीची." मी भिंत धरून उठायला लागलो. "बसा. वॉर्डाच्या खिडकीतही तीच निघाली. दवाखान्याच्या बाजूची इमारत पाडून राहिले, त्या धुळीतही तीच. तिच्या छातीत यातली कोणती गेली, मले माहीत नाही."

"साफ सांगा ना, बाई."

"माहीत नाही, हेच साफ आहे."

सोयरे म्हणतात, देवाची मर्जी, विसरा आता. मुलगा म्हणतो, तुमची चूक नाही. मी मान हलवतो, झोप काही येत नाही.

मागच्या महिन्यात घरी बसवेना म्हणून तिच्या प्रयोगशाळेत गेलो. नवी पोरं आली होती. डॉक्टरणीनं फ्रीजमधून काचेची एक बशी काढली, आत वाढवलेली बुरशी, वर माझ्या बायकोचं नाव. "आधी हे पाहा," ती त्यांना म्हणाली, "या बाईचं उत्तर शोधायचं राहून गेलं आहे." एक पोरगी चष्मा पुसून त्या बशीवर वाकली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिलो. कोणी मला जा म्हटलं नाही.