लाल्याला जोडीदार लागायचा

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला अंगाऱ्याची पुडी पाठवणार नाही — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. घरातला देव्हारा सासूबाईंचा. माझी श्रद्धा व्हर्नियर कॅलिपरवर. यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बावीस वर्षं मेकॅनिकल शिकवलं आणि "मॅडम, मशीन रुसली" म्हणणाऱ्या कितीतरी पोरांना वर्गाबाहेर काढलं. तरीही हे लिहितेय... कारण जे झालं ते मी स्टॉपवॉच हातात धरून पाहिलं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या फायनल इयरच्या पोरांनी नागपूरजवळच्या एका आंतरकॉलेज शर्यतीसाठी गो-कार्ट बनवायची ठरवली — म्हणजे जमिनीला चिकटून पळणारी, बिनछपराची, एका माणसाची रेसिंग कार. सांगाडा वेल्डिंग करायला मिळाले गुलाबभाऊ. धामणगाव रोडला त्यांचं लोखंडी बंड्या बनवायचं दुकान. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. कापसाला भाव नाही म्हटल्यावर नवी बंडी कोण घेतो? भाऊ रिकामेच बसले होते.

"बैलाबिगरची बंडी? बनवून देतो की!" म्हणाले, आणि एकाच साच्यावर दोन बनवल्या. एक शर्यतीसाठी, एक सरावासाठी.

दोन्ही पिवळ्याधमक. सरावाच्या गाडीच्या नाकावर पांढरी टेप होती, तिचं नाव पोरांनी ठेवलं चांद्या. शर्यतीच्या गाडीला लाल टेप, म्हणून तो लाल्या.

चालवणार होती पल्लवी. नेरजवळच्या खेड्यातली, टीममधली एकुलती एक मुलगी. निवड चाचणीत सगळ्या पोरांना मागे टाकून तिनं ती सीट कमावली होती. चांद्या ती असा चालवायची की बघत राहावं. पण लाल्यात बसली की प्रत्येक वळणावर मागची चाकं घसरायची, गाडी गर्रकन फिरायची. पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

मी मापं घेतली. चाकांचा कोन, हवा, वजन, सगळं. दोन्ही गाड्यांत मिलिमीटरचा फरक नाही. "गाड्या अगदी सारख्या आहेत," मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. त्याचा अर्थ काय होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पल्लवीच्या मात्र लगेच आलं. संध्याकाळी ती हेल्मेट घेऊन माझ्या केबिनमध्ये आली.

"मॅडम, दुसऱ्या कोणाले बसवा. गाड्या सारख्या हाय म्हणता, मंग माह्याच हातात दोष हाय."

मी "बघू" म्हणाले. तो "बघू" आजही आठवला की स्वतःचा राग येतो.

रात्री झोप नाही. सकाळी साडीचा पदर खोचला, हेल्मेट चढवलं आणि लाल्यात मीच बसले. दुसऱ्याच वळणावर मी बेशरमाच्या झुडपात! पोरांनी मला ओढून काढलं तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. मलाही. पण एक गोष्ट पक्की झाली — दोष पोरीचा नव्हता.

मग दोघांची चाकं, स्टिअरिंग, सीट, सगळी अदलाबदल करून पाहिली. चांद्या तसाच शहाणा, लाल्या तसाच उनाड. शर्यतीत लाल्याऐवजी चांद्या उतरवता येत नव्हता, कारण आयोजकांची तपासणी होऊन लाल्याच्या सांगाड्याला सील लागलं होतं. शेवटी गुलाबभाऊंना बोलावलं. वेल्डिंग तपासतील म्हणून. भाऊंनी वेल्डिंगकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कायले एकटा पळवून राह्यल्या त्याले? चांद्या कुठी हाय?"

"वर्कशॉपमध्ये. कुलपात."

"आना त्याले. याच्या उजव्या हाताले उभा करा. काही बैल एकटे चालते, काही जोडीबिगर पाऊल नाई टाकत. आन् ज्याची त्याची बाजू असते, मॅडम. बाजू बदलली की बिथरते."

"भाऊ, हे लोखंड आहे."

"मंग उभा करून पाहाले काय जाते तुमचं?"

केला उभा. ट्रॅकच्या उजवीकडे, भिंतीपाशी. लाल्या लोण्यासारखा मऊ वळला. चांद्याला डावीकडे कॅन्टीनजवळ नेलं... लाल्या पुन्हा गर्रकन!

मी म्हटलं, हे पल्लवीच्या मनाचे खेळ. चांद्या दिसला की तिला धीर येत असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघेल तसा चांद्या उजव्या भिंतीआड, कॅन्टीनमागे नाहीतर कुलपात, आणि तिला पत्ता नाही. दहा फेऱ्या झाल्या. दर फेरीनंतर ती सांगायची, "आता बरा चालला," नाहीतर, "आता नाई." दहाच्या दहा वेळा बरोबर. माझं स्टॉपवॉचही तेच सांगत होतं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही चांद्याला टेम्पोत घालून नेलं आणि तो टेम्पोच कंपाउंडबाहेर, उजव्या अंगाला उभा केला. बाविसाव्या फेरीपर्यंत झकास. मग अचानक लाल्याचं शेपूट हललं. भिंतीवरून डोकावलो तर टेम्पो गायब! वॉचमननं हाकलला होता. गुलाबभाऊ म्हातारपणी धोतर सावरत धावले, वॉचमनला काय सांगितलं देव जाणे, पण टेम्पो परत आला. लाल्या ताळ्यावर आला.

पाचवा नंबर. छत्तीस गाड्यांत! पोरांनी पल्लवीला खांद्यावर घेतलं, तीच पोरं. ती खाली उतरल्यावर मी तिचा हात धरला. "पल्लवी, दोष तुझ्या हातात कधीच नव्हता. मी तुला तसं वाटू दिलं. चुकलं माझं." पोरगी घळघळा रडली. मीही रडले, लपवत नाही.

कॉलेजच्या रिपोर्टात "कारण" असा एक रकाना होता. चार दिवस तो कोरा ठेवून शेवटी मी "अज्ञात" लिहिलं आणि सही केली. नंतर बऱ्याच जाणकारांना विचारलं. कुणी कंपनं म्हणालं, कुणी वारा, कुणी नुसतंच हसलं. मला आजही ठाऊक नाही.

पल्लवी आता पुण्याला असते, नव्या गाड्या चालवून तपासायचं काम करते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. एकाच दिवशी बनलेल्या दोन सारख्या गाड्या तिला दिल्या होत्या, त्यातली एक तिला बरी वाटेना, आणि साहेब लोक मापांचे कागद पुढे करत होते.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, कागद तुमचे बरोबर असन, सर. पण गाडीत मी बसली होती."