दादाचा ग्रीक बँड

त्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "आज शाळेत नाही गेलीस तर चालेल का गं? जरा भीती वाटतेय." ऑक्सिजनची नळी नाकाला, आणि दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरलेली. मी डबा भरत होते. शाळेत तपासणी होती. म्हटलं, "तीनपर्यंत येतेच. भानुदास बसणारे ना तुझ्याजवळ." त्यानं मान हलवली. दुपारी तपासणीचे साहेब माझ्या चौथीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होते आणि माझ्या पर्समधला फोन थरथरायला लागला. भानुदास म्हणजे दादाचा कारखान्यातला जुना जोडीदार. "ताई, तुमी निघा. भाऊला लई दम लागलाय. मशीन चालू हाय, पन हवा आत जाईना..." मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. घरी पोहोचले तेव्हा भानुदास दारातच उभा होता. म्हणाला, "माजा हात धरला हुता त्यानं. शेवटपत्तुर सोडला न्हाई."

दादाला जाऊन आता दोन महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, "सुटला बिचारा." सुटला की नाही ते देव जाणे. तो घाबरलेला होता आणि मी तिथं नव्हते, एवढंच मला ठाऊक आहे.

माझा भाऊ प्रमोद नागापूरच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरायचा. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी माहेरी नगरला परतले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. त्याच्याइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. लहानपणी लष्कराच्या मैदानावर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि दादा जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायचा. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान, पण मीच त्याला हात धरून बाहेर काढायची. पुढे तो पुण्याला आयटीआय करायला गेला आणि सुट्टीत घरी आला तो एक कॅसेट घेऊन. हॉस्टेलवरच्या मित्रानं टेप करून दिलेली. "ग्रीसमधला बँड आहे. डार्क मेटल म्हणतात याला," असं म्हणून त्यानं ती लावली... आणि मी शप्पथ सांगते, मी दोन्ही कान दाबून धरले. खडी फोडायच्या क्रशरमध्ये कुणी माणूस अडकलाय आणि तो आतून ओरडतोय, असा तो आवाज. टेबलाखाली लपणारा माझा भाऊ डोळे मिटून शांत बसला होता. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "आवाज कधी येणार ते माहीत नसलं की भीती वाटते. इथं मला माहीत असतं."

आमचं घर ख्रिस्ती, पप्पा चर्चमध्ये पेटी वाजवायचे. कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट घालून दादा रविवारी उपासनेला आला, तेव्हा मंडळीत कुजबुज झाली. दोन वडीलधारे घरी येऊन पप्पांना सांगून गेले की, मास्तर, मुलगा सैतानाचं संगीत ऐकतो. मीही घाबरले होते. दादाला कसलं तरी लागीर झालंय असं मला खरंच वाटायचं. तो कामाला गेला की मी त्याच्या उशीखाली बायबल ठेवायची आणि तो यायच्या आत काढून घ्यायची. पप्पा मात्र पाहुणे गेल्यावर दादासमोर खुर्ची ओढून बसले. "लाव बघू." तोवर त्या बँडची दुसरी कॅसेट आली होती. तिच्यात त्यांची गती उतरली होती. ओरडणं होतंच, पण मागून खूप पुरुष मिळून एकच खालचा सूर धरून होते. पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पेटी पुढे घेतली, एक स्वर दाबून धरला आणि म्हणाले, "हा बघ. खालचा सा धरून ठेवलाय. ही पोरं चर्चमध्ये वाढलेली दिसतात." पुन्हा कुणी तक्रार घेऊन आलं की पप्पा म्हणायचे, "मी ऐकलंय. काही नाही त्यात, घाबरलेली माणसं आहेत."

त्या बँडवर दादाचं वर्षं मोजणं चाले. कारखान्यात लागला ते सावकाश गाण्यांचं वर्ष. पप्पा वारले तेव्हा बँडचा मऊ काळ चालू होता. पियानो आला होता, गायक चक्क गोड गळ्यानं गायला लागला होता आणि जगभरचे चाहते चिडले होते. दादाही चिडला. "लोकांना खूश करायला निघालेत," म्हणून सीडी कपाटावर फेकून दिली. पप्पांना पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, तीच सीडी लावून तो जमिनीवर बसला होता. मला म्हणाला, "त्या गायकाचंही कुणीतरी गेलं असणार गं. उगीच नाही आवाज असा खाली बसत." पुढे कित्येक वर्षांनी बँड पुन्हा जड वाजवायला लागला. पण आता त्यात त्यांच्या गावाकडचे ढोल होते, घंटा होत्या, कुठल्याशा म्हातारीचं रडगाणं होतं. दादा प्रत्येक नवा अल्बम आला की आधी एकटा ऐकायचा, मग मला बोलवून काय बदललं ते समजावून सांगायचा. मी भाजी निवडत हूं हूं करायची. खरं तर त्यातलं मला काही कळत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, ती परत सैल होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून घरात भीती राहायला आली. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ते यंत्र मी दिवसातून वीस वेळा बघायची. आकडा नव्वदच्या खाली गेला की मी बोट बदलून पुन्हा लावायची. वीज गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडेल म्हणून दोघांचेही कान पंख्याकडे.

अशात गेल्या वर्षी बातमी आली की तो बँड बंगळुरूला येतोय. दादानं मोबाईल माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "वेडा आहेस का? रस्त्यात काही झालं तर?" तो म्हणाला, "मलाही तीच भीती आहे." मग मोबाईल मागे घेत, "पण ते इकडे परत नाही यायचे." डॉक्टरांनी हात टेकले, पण बॅटरीवर चालणारं छोटं मशीन कसं वापरायचं ते लिहून दिलं. भानुदासनं रजा टाकली. रेल्वेच्या सगळ्या प्रवासात मी दादाच्या छातीकडे बघत बसले होते. भानुदास मांडीवर मशीन घेऊन म्हणाला, "ताई, जरा बाहीर बघा. तुमच्या बघन्यानंच त्याला धाप लागंल."

संध्याकाळी मैदानात पाऊल टाकलं आणि वाटलं, इथून पळावं. सगळीकडे काळे कपडे, लांब केस, आणि ढोलाचा ठोका पायांतून वर चढून दातांपर्यंत यायचा. आम्ही दादाला मागे खुर्चीवर बसवलं. तिसऱ्या गाण्याला त्याचे ओठ निळसर दिसले. यंत्रावर आकडा ब्याऐंशी. मी ओरडले, "चल, बास झालं!" त्यानं माझं मनगट धरलं. "एक अजून." भानुदास माझ्याकडे बघतोय, मी दादाकडे... तो इथं गेला तर मी काय करू, कुणाला सांगू, हेच डोक्यात. एवढ्यात समोरचे सगळे दिवे मंदावले आणि त्यांनी ती पहिल्या कॅसेटवरची क्रशरसारखी चाल धरली. पण सावकाश, निम्म्या गतीनं. गायकाची दाढी पांढरी झालेली. दादा पुढे झुकून ऐकत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "म्हातारे झाले गं ते. बघ, ओळीच्या मधे श्वास घेतो आता. पूर्वी घेत नव्हता."

मीही बघितलं. खरंच घेत होता. गाणं संपेपर्यंत मी यंत्राकडे पाहिलं नाही. तिथं जमलेल्या त्या हजारो काळ्या कपड्यांतल्या पोरांची मला वाटणारी भीती कुठे गेली ते कळलं नाही. दादाविषयीची मात्र तशीच राहिली, आणि ती घेऊनच आम्ही परतलो. भानुदास गाडीत झोपता झोपता म्हणाला, "वरडत्यात, पन मनापासनं वरडत्यात."

त्यानंतर दादाला आठ महिने मिळाले. सोपे नव्हते. संध्याकाळ झाली की तो म्हणायचा, "माझ्याशी बोलत राहा," आणि मी शाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगत राहायची. धीर द्यायला मला कधी जमलं नाही. मीच इतकी घाबरलेली असायची की त्यालाच मला म्हणावं लागायचं, "अगं, आहे मी अजून."

मागच्या रविवारी उपासनेहून आले आणि त्याचा मोबाईल वाजला. तो अजून मी चार्ज करून ठेवते, का ते विचारू नका. ग्रीक बँडचा नवा अल्बम आल्याची सूचना होती. बराच वेळ हात लावला नाही. मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पहिलं गाणं लावलं. पहिलं मिनिटभर नुसता वारा. ढोल नाही, गिटार फार लांबून. मग तो म्हातारा गायक बोलायला लागला, ओरडला नाही, गायलाही नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसा बोलत राहिला, आणि मागून एका बाईनं त्याच्या प्रत्येक शब्दाला सूर दिला. असं त्यांनी आजवर कधीच केलं नव्हतं. हे मला कळलं. कुणी न सांगता, भाजी न निवडता, माझं मला कळलं.

"दादा, अरे, त्यांचा आवाज बदललाय," असं म्हणत मी हात पुसत त्याच्या खोलीत गेले. पलंगावरची चादर मीच सकाळी ताणून घातली होती. मोबाईलवर गाणं वाजतच होतं. मी पलंगाच्या कडेवर बसले, कड दोन्ही हातांनी धरली आणि पुढचं गाणं सुरू होऊ दिलं.