दबावं, पण टेकू नये

लग्नाच्या मांडवाबाहेर मोटारसायकलींची रांग दिसली की बळीराम सर आधी मांडवात जात नसत. ते रांगेतून फिरत, एकेका गाडीच्या सीटवर दोन्ही तळवे ठेवत, अंगाचा सगळा भार टाकून ती दाबत आणि मान वाकडी करून मागच्या शॉकपकडे बघत. गाडी किती खाली बसते, वर कशी येते, एवढंच त्यांना बघायचं असे. एकदा नवऱ्या मुलाच्या मामानं त्यांना हटकलं, "ओ सर, गाडी इकायची न्हाई आमाला."

"मला बी घ्यायची न्हाई," सर म्हणाले. "आसंच नाडी बगायलो."

पांढरा शर्ट, पायजमा, डोक्यावर टोपी आणि पायजम्याच्या दोन्ही पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची कडी, अशा वेषात हा माणूस उभं आयुष्य जिंतूरच्या रस्त्यावर दिसला. शाळेत तो खेळाचा मास्तर. घर माळावरच्या वाडीत. वाडीतून खाली मोठ्या रस्त्याला उतरणारी जुनी गाडीवाट होती, सगळी दगडांची. तिथून तो काळ्या सायकलवरून रोज शाळेला यायचा. पुढे डांबरी रस्ता झाला, तो माळाला वळसा घालून गेला, आणि गाडीवाट शेळ्यांना उरली. बळीरामनं मात्र ती सोडली नाही. मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, दिवसभर माइकवर गाड्या पुकारायचो. शाळा सुटली की तो माझ्या केबिनमध्ये चहाला यायचा. लोकांचा तो सर. माझा तो बळी, आणि त्याचा मी नाऱ्या.

बळी जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून गावात एक वाक्य फिरतं आहे : सुनेनं म्हाताऱ्याला सायकल घेऊन दिली आणि घालवलं. हे वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सायकल कशी आली आणि कुणी आणली, ते आज नीट लिहून ठेवतो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बळीची कंबर धरली. परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मणक्यात गॅप आहे, सायकल बंद करा, असं सांगितलं. बळीनं विचारलं, "सायकल बंद का गचके बंद?"

डॉक्टर हसले. "सर, तुमच्या त्या वाटेवर दोन्ही एकच."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बळीचा चेहरा उजळलेला होता. मला वाटलं, औषध लागू पडणार. तो म्हणाला, "ऐकलंस का नाऱ्या? डॉक्टर गचक्याला न्हाई म्हनला, सायकलीला न्हाई." त्या दिवसापासून त्यानं सीटा दाबायला सुरुवात केली.

त्याचं एक म्हणणं होतं, ते तो शाळेतल्या कबड्डीच्या पोरांनाही सांगायचा : "दबलं पायजे, पन टेकायचं न्हाई." चढाई करणारा अंगावर आला की वाका, मागं सरका, पण पाठ जमिनीला लागू देऊ नका. पुढे बायको गेली तेव्हा मी समजूत घालायला गेलो, तर त्यानंच मला हे ऐकवलं. आता तो हे सायकलच्या शॉकपबद्दल बोलू लागला. दगडावर चाक चढलं की शॉकप दबला पाहिजे. पण दबत दबत तळाला खट्कन टेकला, तर तो दणका थेट मणक्यात. म्हणून शॉकपला खाली जायला भरपूर जागा हवी. किती? त्यानं दोन्ही हातांची चार-चार बोटं एकाखाली एक धरली. "आठ बोटं. पुढं बी, मागं बी."

परभणीची दुकानं आम्ही पालथी घातली. मागे स्प्रिंग असलेल्या सायकली मिळाल्या, पण त्या स्प्रिंगा शोभेच्या. बळी दाबायचा आणि म्हणायचा, "दोन बोटं. ही तर मुंडावळी हाय." शेवटी कुणीतरी पुण्याच्या एका दुकानाचा नंबर दिला. फोन मी लावला, कारण बळीला फोनवर ओरडायची सवय. पलीकडे एक मुलगी होती. तिनं आमची हकिकत ऐकून घेतली आणि विचारलं, "काका, ट्रॅव्हल किती पाहिजे तुम्हाला?"

ट्रॅव्हल हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. उभी नोकरी मी या खाजगी ट्रॅव्हल्सवाल्यांशी भांडण्यात घालवली आहे. स्थानकाच्या फाटकासमोर गाडी लावून आमचे प्रवासी पळवायचे. मी म्हणालो, "ट्रॅव्हल बिव्हल काही नको. आम्ही एस्टीनं येऊ."

ती म्हणाली, "तसं नाही काका, सस्पेन्शनचं ट्रॅव्हल. एकशे चाळीस, एकशे साठ?"

"एकशे साठ रुपयांत तर परभणीच्या पुढं नेत नाहीत ते," मी म्हणालो.

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. तिनं समजावलं, की शॉकप जेवढा खाली जातो त्याला ट्रॅव्हल म्हणतात, आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. बळीनं पट्टी आणून आपली आठ बोटं मोजली. जवळजवळ दीडशे भरली. तो मला म्हणाला, "बग, मपला हिशेब बरोबर निघाला. तूच बस चुकलास." हे तो पुढे कुणालाही सांगायचा, फक्त सायकलचा उल्लेख गाळून, म्हणून ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही आणि आम्ही दोघं हसायचो.

घरी काहीच सांगायचं नव्हतं, कारण बळीचा मुलगा प्रकाश सायकलच्या विरोधात होता. बापानं आता खुर्चीत बसावं, एवढंच त्याचं मागणं. आणि दुसरंही एक कारण होतं. पुण्याला जायच्या थोडं आधी बळीच्या छातीत कळ आली होती. परभणीला मीच नेलं. ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की हृदय दमलेलं आहे. जिना चढा किंवा पलंगावर पडा, कधीही काहीही होऊ शकतं. येताना एस्टीत त्यानं गोळ्यांची पुडी पायजम्याच्या खिशात खोल सारली. मग म्हणाला, "घरी कळलं तर मला खुर्चीला बांधतील."

"आणि नाही कळलं तर?"

"तर सायकल घेऊ. पलंगावर पडून जायाचं, तर उतारावरून कामून न्हाई?"

मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही चूक वाटत नाही. पुढचं वाटतं.

पुण्याला लग्नाला जातो म्हणून आम्ही निघालो. "खोटं न्हाई," बळी म्हणाला, "नवरी बगायलाच चाललो." दुकानात तीच फोनवरची मुलगी भेटली. तिनं दोन सायकली काढल्या. दोन्हींचे शॉकप बळीच्या मापाचे, पण एकीची चाकं लहान, दुसरीची एकोणतीस इंची, माझ्या कमरेच्या जवळपास. बळीची उंची बेताची. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही छोट्या चाकांची घ्या. वळवायला सोपी, पाय पण टेकतील."

"पाय टेकायला सायकल कोन घेतंय?" बळी म्हणाला. त्यानं मोठं चाक हातानं फिरवलं. "बैलगाडीचं चाक मोठं कामून असतंय, सांग बरं. ल्हान चाक दगडापाशी थांबून इच्यार करतंय. मोठं चाक दगड मोजतच न्हाई."

ती म्हणाली, ते खरं आहे, पण एवढा शॉकप असला की चढाला सायकल डुलते, जड जाते.

"चढ मी ढकलत नेईन, पोरी. मला लाज न्हाई. मला उतार नीट पायजे."

मग त्यानं पायजम्याला रबराची कडी चढवली. दुकानामागे आवार होतं, त्याला उतरायला रुंद पायऱ्या होत्या. मुलगी नको नको म्हणत असतानाच तो त्या मोठ्या सायकलवरून पायऱ्या उतरला. मी डोळे मिटले होते. उघडले तर तो खाली सायकलवर बसून होता, डावा पाय बोटांवर टेकवून, आणि पाठीवर हात फिरवत होता. तोंडावर असं हसू, जणू आपल्या हरवलेल्या वस्तूवर हात पडला आहे. "नाऱ्या," तो म्हणाला, "पायऱ्या व्हत्या का रे हितं?"

मुलीनं त्याला सायकलवर बसवून शॉकपमध्ये हवा भरली. हा शॉकप हवेचा असतो, आणि बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे हवा भरावी लागते. त्यासाठी काटा असलेला हातभर लांबीचा वेगळा पंप मिळतो. तो आम्ही बरोबर घेतला आणि माझ्या पिशवीत टाकला. सायकल खोक्यातून मागाहून येणार होती. बिलावर मोबाइल नंबर हवा होता, व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येणार होता म्हणून. आमचे दोघांचे फोन बटणांचे. बळीनं खिशातली चिठ्ठी काढून सुनेचा नंबर दिला. वैशालीचा. खोकं तिच्या नावानं आलं ते एवढ्यासाठीच. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. खोकं दारात आलं तेव्हा तिनं सासऱ्याकडे पाहिलं, आणि प्रकाश यायच्या आत ते गोठ्यात ठेवायला हात लावला. तिचा गुन्हा म्हणाल तर तेवढाच.

प्रकाशला कळलं तेव्हा आठवडाभर घरात अबोला होता, त्यामुळे सायकल कुणी मागवली ते निघालंच नाही. बळी दबला, पण टेकला नाही. त्या हिवाळ्यात दर गुरुवारी सकाळी तो गाडीवाटेनं उतरायचा, आणि मी खाली बाभळीजवळच्या चहाच्या टपरीवर बसून वाट बघायचो. आधी दगड घरंगळल्याचा आवाज यायचा, मग टोपी दिसायची, मग तो. दर वेळी मी विचारायचो, "टेकला का?" आणि तो म्हणायचा, "दोन बोटं शिल्लक हायेत अजून." चहा पिऊन तो सायकल ढकलत वर जायचा, सावकाश, थांबत थांबत. कंबर दुखल्याची तक्रार मी त्या महिन्यांत ऐकली नाही.

शेवटच्या गुरुवारीही तो असाच उतरला. चहा प्यायला. मागच्या शॉकपमध्ये हवा थोडी कमी वाटते, पंप पुढच्या खेपेला आण, असं म्हणाला. नीट घरी गेला. दुपारी ओट्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलताना तो बाजूला कलंडला. वैशाली चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं.

सकाळी सायकल, दुपारी मयत. लोकांना दुसरा पुरावा लागला नाही. राख सावडायच्या दिवशी ओट्यावर सगळे बसले होते. बळीची बहीण म्हणाली, "खोकं सुनेच्या नावानं आलं व्हतं, साऱ्या वाडीनं बगितलंय. कुनी मागितली व्हती म्हाताऱ्याला सायकल?"

प्रकाशनं माझ्याकडे बघून विचारलं, "काका, सायकल कुनी मागवली, तुमाला म्हाईत व्हतं का काई?"

वैशाली दारात उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. बळीनं तिला नंतर सायकलचं सगळं सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. माहीत होतं म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता : मग थांबवलं का नाही? आणि मग छातीची कळ, परभणीचा डॉक्टर, सगळं निघालं असतं.

"मला कुठलं माहीत," मी म्हणालो.

तिनं पदर सारखा केला आणि आत गेली. मी त्या दिवशी टेकलो. घरी येऊन पंप धान्याच्या कोठीमागे टाकला.

वर्षभर ती बोलणी खात राहिली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. प्रकाश तिच्याशी कामापुरतं बोलायचा. सायकल गोठ्यात आढ्याला टांगलेली होती. ती विकायला मात्र वैशालीनं नकार दिला, असं कानावर आलं, आणि त्यावरही लोक बोलले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो. गाड्या पुकारायचा माझा आवाज अजून आहे. पंप सगळ्यांसमोर ओट्यावर ठेवला आणि सांगितलं : सायकल बळीनं निवडली, दुकानात मी बरोबर होतो, छातीचं दुखणं त्याच्या आधीचं आणि ते आम्हां दोघांनाच माहीत होतं, सुनेचा फक्त नंबर होता, आणि सावडायच्या दिवशी मी खोटं बोललो. बळीच्या बहिणीनं तोंड फिरवलं. प्रकाश उठून गोठ्याकडे निघून गेला. तो बराच वेळ आला नाही, म्हणून पंगत उशिरा बसली.

जेवणं झाल्यावर वैशालीनं मला पाणी दिलं. मी म्हणालो, "सुनबाई, तू का नाही बोललीस तेव्हा?"

"मी बोलले असते तर कुनी ऐकलं असतं, काका? आन् मामांचे दोस्त तुमी. तुमचं तुमीच बोलायला पायजे व्हतं." आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मग तिनं ओट्यावरचा पंप उचलला, काटा उजेडाकडे धरून पाहिला. "हवा कशी भरत्यात हे दाखवा मला."

गोठ्यात गेलो तर प्रकाशनं सायकल आढ्यावरून खाली काढून ठेवली होती आणि तो चाकावरची धूळ फडक्यानं पुसत होता. आमच्याकडे त्यानं पाहिलं नाही, पण बाजूला सरकला. मी पंप जोडला. विचारलं, "बळीच्या वजनाची भरू?"

"मामांची कशाला?" वैशाली म्हणाली. "माझ्या वजनाची भरा."

मी भरली. तिनं सीटवर दोन्ही तळवे ठेवले, सगळा भार टाकला आणि मान वाकडी करून मागच्या शॉकपकडे पाहिलं.