काटा लाल रेषेच्या खाली

माझे भाऊजी कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल वाफेवर धुऊन निघायचे आणि ती वाफ भाऊजींच्या हातात. नजर सतत दाबाच्या घड्याळावर, म्हणून सगळे त्यांना ‘काटेसाहेब’ म्हणायचे. काटा लाल रेषेकडे सरकला की आग कमी करायची, खाली आला की कशालाही हात लावायचा नाही, हे ते प्रत्येक नव्या माणसाला दम देऊन सांगायचे.

त्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं तेव्हा ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे सासरे असेच बसल्या जागी गेले होते. पण भाऊजींनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं. सिगारेट सुटली. वरून मीठ घेणं बंद झालं. संध्याकाळी ताईला घेऊन फिरायला जाऊ लागले. ताई तर हवेतच होती! गोळीही रोज. पुढच्या तपासणीत प्रेशर अगदी नॉर्मल आलं आणि भाऊजींनी गोळी बंद केली.

‘‘अहो, कायमची घ्यायची म्हणालेत ना डॉक्टर?’’ ताई म्हणाली.

‘‘काटा खाली आलाय. आता कशाला हात लावायचा?’’

मी मध्ये पडलो. ‘‘भाऊजी, गोळीमुळेच खाली आलाय तो. परत चढेल आणि तुम्हाला कळणारही नाही.’’

‘‘जन्मभर प्रेशरच सांभाळतोय मी. आता तू शिकव मला!’’

डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, माणूस ठणठणीत दिसत होता. आळशी किंवा बेफिकीर असते तर कडाकडा भांडलो असतो. त्यांनी आपल्या कामाची शिस्तच स्वतःला लावली होती, आणि याचीच मला अजून चीड येते.

वर्षही गेलं नाही. बॉयलरसमोर उभे असतानाच त्यांचा उजवा हात खाली पडला, तोंड वाकडं झालं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. बॉयलर मात्र व्यवस्थित चालू होता.

आता उजवं अंग लुळं आहे, वाचा गेली आहे. यापुढे फारसा फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी ताईला स्पष्ट सांगितलंय. रोज सकाळी ती गोळी कुटून पाण्यात कालवते. चमचा पुढे केला की भाऊजी निमूट तोंड उघडतात.

‘‘बघ, आता कसे शहाण्यासारखे घेतात,’’ असं म्हणत ती त्यांची हनुवटी पुसते.

भाऊजींना सगळं समजतं. ते माझ्याकडे बघत नाहीत.